जुळती सही

म्हसावदची मोहिनी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. वॉर्डात ड्यूटी करताना ऑक्सिजनचं भरलेलं सिलिंडर तिच्या उजव्या हातावर कोसळलं आणि बोटं कायमची निकामी झाली. नशीब, प्रवेशाच्या वेळीच कॉलेजने सगळ्या मुलींच्या सह्या घेऊन अपंगत्वाचा विमा उतरवला होता. मोहिनीने डॉक्टरांचा दाखला जोडला, डाव्या हाताने कशीबशी सही केली आणि अर्ज पाठवला.

विमा कंपनीतल्या विद्वानांनी दाखल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सही मात्र भिंग लावून पाहिली आणि कळवलं, 'सही मूळ सहीशी जुळत नाही. जुळती सही करून अर्ज पुन्हा पाठवावा.'

"मन्ही पोरना हात गया, आनि ह्यास्ले तीच सही पाहिजे!" तिची आई कौसाबाई कडाडली.

मोहिनी मात्र इरेला पेटली. तीन महिने ती डाव्या हाताने वह्यांमागून वह्या भरत राहिली. 'मो'चा तोच ऐटदार गोल, नावाखाली त्याच दोन रेघा, रेघांखाली तीच दोन टिंबं. शेवटी जुनी सही कुठली आणि नवी कुठली, हे तिचं तिलाही ओळखू येईना. त्याच दिवशी तिने अर्ज धाडला.

या वेळी उत्तर आठवड्यातच आलं.



'सही तंतोतंत जुळते. यावरून आपला उजवा हात पूर्ण बरा झाल्याचे दिसून येते. सबब दावा नामंजूर. कंपनीतर्फे हार्दिक अभिनंदन!'