माहेर कुठलं, काकू?

मुलगा-सून सकाळच्या ट्रेनने ऑफिसला गेले, की जपानमधल्या इचिकावाच्या त्या फ्लॅटमध्ये स्नेहलताबाई फोनवर पैसे लावून रमी खेळत बसायच्या. नातू शाळेतून यायचा, आजीच्या मराठीला जपानीत उत्तर द्यायचा आणि खोलीचं दार लावून घ्यायचा. रमीतला एक भिडू मात्र त्यांना काकू म्हणायचा. "काकू, माहेर कुठलं तुमचं? तिकडचं आडनाव काय? शाळा कुठली?" तो चॅटवर रोज काहीतरी विचारायचा. किती वर्षांनी कुणी माहेरचं विचारत होतं! बाई डाव सोडून भरभरून लिहायच्या.

त्याच उत्तरांवर त्याने एक दिवस त्यांच्या बँकेचा पासवर्ड बदलला आणि खातं धुऊन नेलं.

मुलाचं, निहारचं, कामच मुळी कंपनीची माहिती चोरांपासून जपायचं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "ओळख ना पाळख, आणि सगळं सांगून बसलीस, आई?" मग त्याने स्वतःच नवं खातं उघडायला घेतलं. सिक्युरिटीच्या प्रश्नापाशी थांबून त्याने बजावलं, "आता उत्तर असं दे, की ते फक्त घरच्या माणसालाच ठाऊक असेल."

स्नेहलताबाई त्याच्याकडे वळल्या.



"मग तूच सांग ना रे. तुला माझं काय ठाऊक आहे?"