इच्छुकांच्या मुलाखती

"पक्ष सांगेल ते," म्हणत गुरुलिंगनं पत्रकाराचा माईक हळूच बाजूला सारला.

नवी पेठेत साडीच्या दुकानाचं उद्घाटन होतं, पण साड्यांबद्दल कुणी बोलेचना. जो तो एकच विचारत होता, नगरसेवक यंदा आमदारकीला उभे राहणार का?

"इच्छुक तरी आहात ना, साहेब?"

"मी साधा कार्यकर्ता. तसा विचारच केलेला नाही."

हे बोलून बोलून त्याचा जबडा दुखत होता. मागच्या वेळी तो खरं बोलला होता. आठ दिवसांत विरोधी गटानं मुंबई गाठली आणि त्याचा पत्ता कापला. यंदा नाही तर कधीच नाही. म्हणून त्यानं ठरवलं होतं, भिंतीलासुद्धा सांगायचं नाही.

दुपारी तो घरी आला तेव्हा दानेश्वरी एका हातानं शिवानीला थोपटत फोनवर कुणाला तरी समजावत होती. "मावशी, पाणी उद्या सोडणार. इंजिनिअरशी बोलले की मी."

फोन ठेवून तिनं ताट वाढलं. "अहो, खरं सांगा. उभे राहताय?"

"नाही गं."

"मला तरी सांगा की. मला त्याप्रमाणं ठरवायला बरं."

तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. वॉर्डाच्या सगळ्या तक्रारी तिच्याच गळ्यात, त्यात आठ महिन्यांची पोर. आणखी व्याप नको म्हणून धास्तावली असेल बिचारी, त्याला वाटलं.

"दमलोय मी आता. इच्छाच नाही."

"नक्की?"

"लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगू?"

"नको," ती घाईनं म्हणाली. "एवढं पुरे."

शनिवारी तो नातेपुत्याला लग्न आहे सांगून निघाला. "मग मीही मोहोळला आईकडं जाऊन येते," ती म्हणाली. त्याला बरंच वाटलं.

गाडी दोन गल्ल्या अलीकडं लावून तो मागच्या दारानं पक्षाच्या कार्यालयात शिरला. बंद खोलीत मुंबईहून आलेले निरीक्षक इच्छुकांच्या मुलाखती घेत होते. बाहेर यादी घेऊन बसलेल्या महेश्वरअण्णांनी चष्मा वर केला.

"तू? तू तर येणार नव्हतास की."

"आलो सहज."

"इथंसुद्धा सहजच? बस मग. आत एक मुलाखत चाललीय. लई वेळ झाला, जमलेलं दिसतंय."

गुरुलिंगनं सदऱ्याची बटणं लावली. आज आडपडदा ठेवायचा नाही. मला आमदार व्हायचंय, एवढंच सरळ सांगायचं. नुसत्या विचारानंच त्याला हलकं वाटलं.

आत कुणीतरी मोकळं हसलं. दार उघडलं आणि झोपलेल्या शिवानीला खांद्यावर घेऊन दानेश्वरी बाहेर आली.

त्याला बघून ती थबकली. पोरीला तिनं सावकाश दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"अहो," ती जाग येऊ नये अशा आवाजात म्हणाली, "तुम्ही इच्छुक नाही, असं आत्ताच लिहून देऊन आले मी."