ओल्ड नावाची फाइल

सीमेवर तोफा सुरू झाल्या आणि दुसऱ्याच सकाळी आमच्या हॉस्पिटलच्या प्रत्येक स्क्रीनवर शत्रूचा झेंडा आला. पेशंटच्या नोंदी गायब, ऑपरेशनं थांबलेली.

"सर, काय शोधताय?" कॉम्प्युटर विभागात माझ्या शेजारी बसलेल्या मृदुलाने विचारलं.

"ओल्ड नावाची फाइल. अगं, पंचवीस वर्षांपूर्वी कॉलेज बुडवून, सायबर कॅफेत बसून मीही त्यांच्या वेबसाइटवर आपला तिरंगा लावायचो. पण मूळ पान कधीच पुसायचं नाही, नावापुढे 'ओल्ड' लावून तिथेच ठेवायचं. दोन्हीकडची पोरं हा नियम इमानाने पाळायची."

"आता कोण पाळतंय, सर?"

फाइल सापडली. एकूण एक नोंद जशीच्या तशी.

मृदुला डॉक्टरांना सांगायला धावली. मी चष्मा पुसत बसलो. तिकडेही कुणाचे तरी केस पिकले असणार.