दोनशे छप्पन रंग

रविवारी सकाळी अकरा वाजता राजापेठेतल्या एका फ्लॅटमध्ये भागीरथाबाईंचे विमान धावपट्टीवर आले आणि लॅपटॉपचा पडदा काळा झाला.

"पाह्यलं? जुन्या कम्प्युटरवर वीस वर्सं उडवलं म्या हे इमान," बहात्तर वर्षांच्या भागीरथाबाई म्हणाल्या. "नातीनं हा नवा आनून देल्ला, अन् गेम चालूनच नाही राह्यला."

प्रीतम सिरसाटचे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान दोन गल्ल्या पलीकडे होते. रविवारी ते बंद असे. पण सकाळी फोनवर आजींनी इतकी गळ घातली, की तो जाता जाता थांबला होता.

"नवा शर्ट घालून गेम दुरुस्त कराले आला का गा?"

"दर्यापूरले जायचं हाये, आजी. मुलगी पाहाले. एक वाजता."

पहाटेच्या बसने पुढे जाते म्हणून आई घरून निघाली होती. आतापर्यंतच्या प्रत्येक स्थळाला प्रीतमने काहीतरी खोट काढली होती. प्रियदर्शनीचा फोटो पाहून मात्र "कधी जायचं?" असे त्याने स्वतःहून विचारले होते.

त्याने गेमच्या सेटिंग उघडल्या. "गेममध्ये बिघाड नाही, आजी. याले दोनशे छप्पनच रंग समजतात. नव्या मशीनचे रंग पाहून घाबरते."

त्याने जुन्या विंडोजवर खूण केली, दोनशे छप्पन रंगांच्या चौकटीत टिक लावली. विमान उडाले. भागीरथाबाईंनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात फोन वाजला. आत विमानाचा आवाज मोठा होता, म्हणून तो गॅलरीत गेला. आई होती.

"निघाला का?"

"निघूनच राह्यलो, माय."

फोनमध्ये कुकरची शिट्टी झाली आणि पुढचे ऐकू आले नाही.

तो आत आला तेव्हा भागीरथाबाई स्वयंपाकघराकडे पाहून ओरडत होत्या, "गॅस बंद कर वं, तीन शिट्ट्या झाल्या!"

विमान पुन्हा बंद पडले होते.

"म्या हात नाही लावला बाप्पा."

टिक गेली होती. त्याने ती पुन्हा लावली. विमान उडाले, फोन आला, तो गॅलरीत जाऊन आला. टिक गेली होती.

"मागचा तं माह्यावरच खेकसला होता," भागीरथाबाई म्हणाल्या. "तू काहून नाही चिडत?"

"तुमच्यावर चिडून इमान उडते का?"

सव्वाबारा वाजले. दर्यापूर मोटरसायकलने तासाभराच्या वर होते. पुन्हा आईचाच फोन आला.

"सारे इचारून राह्यले. गाडी पंक्चर झाली म्हनून सांगू का?"

प्रीतमने गॅलरीचा कठडा धरला.

"नको, माय. खोट्यानं सुरुवात नको. एका आजीचं काम अडलं, म्हनून सांग. नाराज झाले तं..." त्याने खाली उभ्या मोटरसायकलकडे पाहिले. "मी येतोच हाये."

आत आला, तर टिक गेली होती. त्याने आजींकडे पाहिले. त्या पंख्याकडे पाहत होत्या.

टिक आपोआप जात नाही, हे त्याला पहिल्या खेपेलाच कळले होते. तो हसला, आजींच्या शेजारी बसला आणि माऊस त्यांच्या हातात दिला.

"आता तुमीच लावा. मी गेल्यावर कोनाची वाट पाहाले नको."

त्यांनी टिक लावली. विमान नदीवरून, मग डोंगरावरून गेले. एका पुलाखालून त्यांनी ते असे काढले, की प्रीतमच ओरडला, "वा, आजी!" दोघेही हसत सुटले.

मग त्याने घड्याळ पाहिले आणि हेल्मेट उचलले.

"येतो. आता तिथं नकारच भेटते बहुतेक."

पडद्यावरची नजर न काढता भागीरथाबाईंनी आत हाक मारली, "प्रियदर्शनी, पोरगा पास हाये वं! पोहे आन, अन् त्याच्या मायलेबी बाहीर आन."