सुजेचे निरोप

कागदाची पट्टी हिरामणच्या करंगळी आणि शेजारच्या बोटामध्ये ठेवून डॉक्टर नाओमी रोहेकर म्हणाल्या, "घट्ट धरा. मी ओढते."

त्यांनी ओढायच्या आधीच पट्टी टेबलावर पडली.

"परत एकदा बगा, बाई. हात घामेजलाय."

परत पडली. मग अंगठ्याजवळच्या बोटांतूनही पडली. बाईंनी त्याचं कोपर चाचपलं. कातडीखालची नस दोरीसारखी जाड लागली.

"कधीपासून?"

"दिवाळीत मुंग्या यायच्या. माघापासून बोटं ऐकत नायत."

"आणि तुम्ही आषाढात येताय?"

"तुमीच म्हनालात ना, कोर्स संपला, आता यायला नको."

बाईंनी त्याचं कार्ड पुढे ओढलं. गेल्या श्रावणात त्यांनीच हसत हसत त्यावर 'रोगमुक्त' असं लिहून दिलं होतं.

कुष्ठरोगाच्या गोळ्यांसाठी हिरामण दोन वर्षं पेणहून रोह्याला येत होता. गोळ्या पेणलाही मिळाल्या असत्या. पण तिथे तो गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा, आणि देवाचे डोळे रेखणाऱ्या हाताला काय झालंय हे गावाला कळून चालणार नव्हतं. एक पाकीट त्याने चुकवलं नाही. घरात ताट वेगळं, अंथरूण वेगळं. तुमच्यापासून आता कुणाला काही होणार नाही, असं बाईंनी किती वेळा सांगितलं. तरी बायको जवळ आली की तोच मागे सरायचा.

"म्हंजे रोग परत आला?"

"नाही. जंतू मेलेत, ते नक्की. हे तुमच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी करतायत. त्यांची एक जात जंतूंना गिळते, दुसरी तिला चेतवते. दोघी मिळून बारीक प्रथिनं सोडतात. सूज आणायचे निरोपच म्हणा ना ते. नस सुजते आणि आतल्या आत चेंगरते."

"जंतू मेलेत, मग निरोप कुनासाठी?"

"मेलेल्या जंतूंचे तुकडे नसेत पडून आहेत. त्यांच्यावरच या पेशी तुटून पडतायत."

हिरामणने हात उलटापालटा करून पाहिला, कुणा तिऱ्हाइताचा असावा तसा.

"त्यांना कळत नाय का, बाई, संपलं म्हनून?"

बाईंनी चिठ्ठी लिहायला घेतली. "सूज उतरायच्या गोळ्या देते. पुढचं बिघडायचं थांबेल."

"आन् झालंय ते?"

"दिवाळीत आला असतात तर..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. "बोटांतली जाण गेलीय. चुलीजवळ जपा. भाजलं तरी कळायचं नाही."

"यंदा दोनशे मूर्ती हायत," हिरामण म्हणाला. मग आपणच उठला.

बाहेर बाकड्यावर त्याची बायको बायजाबाई बसून होती. तो दिसताच धडपडत उभी राहिली.

"काय म्हनल्या?"

तिच्या तोंडाकडे बघून त्याला निम्मंच सांगता आलं. "जंतू मेले. एक पन उरला नाय."

तिने पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसून ती त्याच्या बरोबरीने चालू लागली. एरवी ती चार पावलं मागे असायची.

स्टँडच्या रस्त्यावर धाटावच्या केमिकल कारखान्यांतून शिफ्ट सुटलेली माणसं बसमधून उतरत होती. त्या गर्दीत बायजाबाई एकाएकी हसली, नव्या नवरीसारखी लाजून. हिला काय झालं म्हणून हिरामणने वळून पाहिलं.

तिने त्याची बोटं हातात घेतली होती.