नऊच्या पुढे कोण जाणार

'तुमची भाषा फार जुनी आहे. आधी नवी बसवा, मग या.'

पडद्यावरचा संदेश पॅकेजवालीने तिसऱ्यांदा वाचला आणि कपाळाला हात लावला. प्रोग्रॅमिंगच्या त्या भाषेची नवीकोरी आवृत्ती तिने सकाळीच स्वतःच्या हाताने मशिनवर बसवली होती.

ऑफिसात तयार झालेले प्रोग्रॅम नीट बांधायचे, त्यांना काय काय लागतं त्याची यादी जोडायची आणि गठ्ठा बाहेर पाठवायचा, हे काम करणारं टूल ती सांभाळायची. म्हणून तिला सगळे पॅकेजवाली म्हणत. टूल ज्यांनी लिहिलं ते काका शेजारच्या खुर्चीत बसले होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी मंगळवारी आणि शुक्रवारी ते यायचे, कारण टूलच्या पोटात काय दडलंय हे त्यांच्याशिवाय कुणाला धड ठाऊक नव्हतं. आज चार वाजता भाषेची जुनी आवृत्ती मशिनवरून काढली जाणार होती. तोवर टूल नव्या आवृत्तीवर चाललं नाही, तर मॅनेजरबाई बाजारातलं तयार टूल आणणार होत्या. मग टूलही जाणार आणि काकांची खुर्चीही.

साडेतीन वाजले होते.

"काका, तुमचं टूल मलाच म्हातारी म्हणतंय."

"ते उगाच कुणाला काही बोलत नाही. तूच काहीतरी घोळ घातला असशील."

"सकाळपासून एकेचाळीस ठिकाणी डागडुजी केलीय मी त्याची. एका शब्दाने बोलले का?"

"बोललीस की. अकरा वाजता. मला ऐकू येतं अजून."

ती एकेक ओळ खाली उतरत गेली आणि एका जागी थांबली.

"हे बघा. टूल भाषेला तिच्या आवृत्तीचा आकडा विचारतं आणि त्यातली पहिली तीनच अक्षरं वाचतं."

काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. "बरोबरच आहे. जुनी आवृत्ती ३.६. तीनचा आकडा, टिंब, सहाचा आकडा. झाली तीन."

"आणि नवी?"

"३.१०."

"त्यातली पहिली तीन?"

काकांनी बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"३.१," ते हळूच म्हणाले.

"आणि तुम्ही लिहिलंय, ३.४च्या खालची कुणी आली तर दारातूनच परत पाठवा."

काकांनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट टेकवलं. "मला वाटलं, नऊच्या पुढे कोण जाणार? सरळ चार करतील."

"नाही केलं त्यांनी."

"मग तू तीनच्या जागी चार अक्षरं वाच."

"आणि ३.१०० आली की?"

"तेव्हा तू माझ्या वयाची असशील. शेजारी बसलेली पोरगी बघून घेईल."

तिने हसू दाबलं आणि ओळ नीट लिहिली: टिंबापाशी तोडायचं, आणि दोन्ही बाजूंचे आकडे आकडे म्हणूनच वाचायचे. तीन बावन्नला नव्या आवृत्तीवरचं पहिलं पॅकेज बाहेर पडलं. काकांनी टेबलावर एक थाप मारली आणि कुणी बघितलं का ते बघितलं.

मॅनेजरबाई आल्या त्या खूश होऊनच. "म्हणजे टूल राहिलं!"

काका ताठ बसले.

"आणि कोड वाचला हं मी दुपारी. इतका स्वच्छ केलायस, आता कुणालाही कळेल. तेव्हा काका, तुम्हाला एवढ्या लांबून यायची तसदी नको. पुढच्या आठवड्यापासून मस्त आराम करा."

पॅकेजवालीचा हात माउसवर तसाच राहिला. दिवसभर ती टूल वाचवत होती, आणि एकेचाळीस ठिकाणी जीव ओतून तिने काकांचीच गरज संपवली होती.

"हो, हो. आराम तर करायलाच हवा," काका म्हणाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "फक्त ती ओळ तेवढी राहिली."

"कुठली ओळ?"

"तीन अक्षरंवाली. तेव्हा चांगली वाटली म्हणून मी ती बऱ्याच टूलमध्ये घातली होती. चौदा तरी असतील. जिथं जिथं नवी आवृत्ती बसेल, तिथं तिथं हेच होणार."

"चौदा!" मॅनेजरबाईंचा आवाज चढला. "कुठं कुठं ते सांगा ना."

"तेच एकेक करून आठवावं लागेल, बाई. वय झालं."

मॅनेजरबाई पॅकेजवालीकडे वळल्या. "तू शोध बरं. आत्ताच्या आत्ता."

ऑफिसचा सगळा कोड एकाच ठिकाणी ठेवलेला होता. तिने ती ओळ शोधायला टाकली. दोन सेकंदांत उत्तर आलं: शून्य. तिने ती थोडी बदलून, मधल्या मोकळ्या जागा गाळून, पुन्हा टाकली. शून्य.

तिने काकांकडे पाहिलं. काका समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्ष देऊन वाचत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"काय गं? किती सापडल्या?"

पॅकेजवालीने पडदा किंचित आपल्याकडे वळवला.

"दोनदा शोधलं, मॅडम. मला एकही सापडत नाहीये."

मॅनेजरबाईंनी सुस्कारा सोडला. "मग काका, तुम्ही येत राहा. मंगळवारी, शुक्रवारी. आणि जमलं तर बुधवारीसुद्धा."

काकांनी कॅलेंडरवरून नजर काढली नाही.

"बुधवारचं बघावं लागेल," ते म्हणाले.