जिन्याच्या जागची खोली

नव्या इमारतीतला पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट बिल्डरने अग्निशमन अधिकाऱ्याच्या मेव्हण्याच्या नावावर केला, म्हणजे साहेब नामानिराळे. शिवाय एक खोली जादा. नकाशात तिथे आगीच्या वेळी उतरायचा जिना होता. ‘जिना पाहिला, ठीक आहे’ असं लिहून सहीही साहेबांनीच ठोकली होती. राहायला आल्यानंतर एकदा ऑफिसातून परतले, तर बायको त्या खोलीला कडी घालून दाराला टेकून उभी. “अहो, वरची माणसं खाली आलीत. म्हातारी, लेकरं, सगळी खोकतायत. म्हटलं, इथून वाट नाही. तर म्हणतात, साहेबांनी सही केलीय, वाट आहे.” “डोकं फिरलंय का? वर अजून कुणी राहायलाच आलेलं नाही!” साहेबांनी कडी काढली. खोली रिकामी होती. भिंतीवर छतापासून फरशीपर्यंत काजळलेल्या हातांचे ठसे उतरत आलेले. सगळ्यात खालचा, चिमुकला ठसा साहेबांच्या बोटांना गरम लागला.